डायलिसिसवरच्या वडिलांचा ट्रोपोनिन वाढलाय, म्हणजे हार्ट अटॅक येऊन गेला का?

आधी तुमच्या प्रश्नाचा गोषवारा. वडील ७२ वर्षांचे, एसटीतून निवृत्त, राजापूरच्या बाजूला गावीच राहतात. वीसेक वर्षांचा मधुमेह, दोन्ही किडन्या निकामी, दोन वर्षांपासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी रत्नागिरीला डायलिसिस. कोरडे वजन (जादा पाणी काढून टाकल्यावरचे) ५५ किलो, आणि दर खेपेला चार किलो वाढवून येतात. तुम्ही गणपतीला कल्याणहून गावी गेलात, घरासमोरची पाखाडी चढताना त्यांना लागलेली धाप पाहिलीत आणि सोमवारी सकाळी लॅबचा माणूस घरी बोलावून हृदयाच्या तपासण्यांचे मोठे पॅकेज करून घेतलेत. नमुना मुंबईला गेला. रिपोर्ट आला तो असा: ट्रोपोनिन टी ६८ (मर्यादा १४), एनटी-प्रोबीएनपी ११,४००, सीआरपी १६, होमोसिस्टीन ३१, अल्ब्युमिन ३.१, फॉस्फरस ७.२, हिमोग्लोबिन ९.२, पोटॅशियम ६.२. सगळे लाल अक्षरांत. कोलेस्टेरॉल १२४, तेवढे हिरवे. छातीत दुखत नाही, असे वडील म्हणतात. तुम्ही विचारता की अटॅक येऊन गेला का, कोलेस्टेरॉल चांगले असताना हृदयाचे आकडे असे कसे, आणि अँजिओग्राफीसाठी त्यांना मुंबईला आणावे का.

तुम्ही ट्रोपोनिनबद्दल विचारलेत, पण माझी नजर आधी पोटॅशियमवर गेली. डायलिसिसच्या रुग्णाचे हृदय अचानक थांबते, त्यात पोटॅशियमचा वाटा मोठा असतो, आणि त्याची सूचना बहुतेकदा मिळत नाही. त्या सोमवारनंतर पोटॅशियम पुन्हा तपासले नसेल तर हे वाचून झाल्यावर वडिलांना फोन करा. जवळच्या रुग्णालयात आजच ईसीजी काढायचा आणि पोटॅशियम तिथल्या तिथे करून घ्यायचे. तो ६.२ थोडा फुगलेलाही असू शकेल. घरी काढलेले रक्त पेशी वेगळ्या न करता तासन्‌तास पिशवीत राहिले, गाडीतून घाटातून हिंदकळत गेले, तर पेशींतले पोटॅशियम बाहेर पाझरते आणि आकडा वाढतो. फॉस्फरसचेही थोडेफार तसेच होते. पण ‘नमुन्यामुळे वाढले असेल’ असे मानून गप्प बसायचा हा आकडा नाही. खोटे आहे हे दुसऱ्या नमुन्याने सिद्ध होऊ द्या.

आता तो सोमवार. शुक्रवारी दुपारी सुई निघाली, ती पुन्हा लागणार मंगळवारी. म्हणजे रक्त काढले तेव्हा वडील त्यांच्या आठवड्यातल्या सगळ्यांत लांब खंडाच्या शेवटाला होते. मधल्या दिवसांत घरात मोदक, खीर, ऋषीची भाजी. अळू, सुरण, लाल भोपळा घातलेली ऋषीची भाजी म्हणजे पोटॅशियमची खाणच, आणि वर्षातून एकदाच मिळणारी भाजी घरातल्या वडीलधाऱ्याला नको म्हणायला कोणाची जीभ रेटत नाही. २०११ साली अमेरिकेत हेमोडायलिसिसच्या ३२ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांतही दोन दिवसांच्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयाच्या तक्रारी लक्षणीय जास्त दिसल्या. वडिलांचा खंड त्याहूनही लांब आहे. तुमच्या रिपोर्टमधले निम्मे लाल आकडे या खंडाचे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात येते, म्हणूनच अटॅकच्या निदानासाठी ते तपासतात. पण १४ ही मर्यादा ठरली ती निरोगी माणसांच्या रक्तावरून. डायलिसिसवरच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाचा ट्रोपोनिन टी त्यापेक्षा जास्तच असतो, काहीही नवे घडलेले नसताना. एक तर निकामी किडनीमुळे त्याचा निचरा मंदावतो. पण मुख्य कारण हृदयातच आहे. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने आणि अंगात साठणाऱ्या पाण्याने हृदयाची भिंत जाड होते. डायलिसिस सुरू करतानाच दर चारांपैकी सुमारे तिघांत ती जाड झालेली सापडते. जाड भिंतीला रक्त पुरत नाही, तिथल्या पेशी थोड्या थोड्या झिजत राहतात आणि ट्रोपोनिन रोज जरासा झिरपतो.

मग अटॅक ओळखायचा कसा? एका आकड्यावरून नाही. पहिल्या नमुन्यानंतर तीन तासांनी, गरज पडली तर सहा तासांनी पुन्हा रक्त घेतात. ६८ चा ७० झाला तर ती जुनी झीज. ६८ चा ११० झाला तर तो अटॅक धरूनच पुढची पावले टाकायची. मूळ पातळी आधीच वर असेल तेव्हा साधारण २० टक्क्यांहून जास्त फरक आम्ही खरा मानतो, तोही ईसीजी आणि लक्षणे यांच्या जोडीने. तुमच्याकडे एकच नमुना आहे, त्यामुळे त्या दिवशी अटॅक होता की नाही हे त्यावरून ठरत नाही. धाप बरेच दिवसांपासून हळूहळू वाढत असेल आणि ईसीजी पूर्वीसारखाच असेल, तर तशी शक्यता कमी. मात्र वीस वर्षांच्या मधुमेहात छातीत कळ येईलच याची खात्री नसते. अचानक दरदरून घाम, उलटी, जबडा किंवा खांदा भरून येणे, आडवे झाल्यावर श्वास कोंडणे, डोळ्यांसमोर अंधारी, किंवा डायलिसिस चालू असताना एरवी पडत नाही असा रक्तदाब पडणे, यातले काही झाले तर १०८ ला फोन करायचा, आणि ‘किडनीवाल्यांचा ट्रोपोनिन वाढलेलाच असतो’ हे वाक्य तिथे कोणाला बोलू द्यायचे नाही.

‘वाढलेलाच असतो’ म्हणून तो निरर्थक ठरत नाही. दोन डायलिसिस रुग्णांपैकी ज्याचा ट्रोपोनिन सातत्याने जास्त, त्याला पुढच्या काही वर्षांत हृदयाचा धोका जास्त, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्येच ट्रोपोनिन टी या कामासाठी, म्हणजे किडनी निकामी झालेल्यांचा पुढचा धोका जोखण्यासाठी मान्य केला. प्रश्न असतो तो जास्त आकडा पाहून करायचे काय, हा. आणि इथे मला वडिलांच्या वजनाचा तक्ता रिपोर्टपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

हिशेब करून पाहा. चार किलो वाढ म्हणजे चार लिटर पाणी, ते चार तासांत काढायचे, म्हणजे तासाला एक लिटर. ५५ किलोच्या माणसासाठी हे किलोमागे ताशी १८ मिलीलिटर झाले. १३ च्या वर गेले की मृत्यूचा आणि हृदयाच्या त्रासाचा धोका वाढलेला दिसतो. १३ च्या आत राहायचे तर वडिलांचे चार तासांत जास्तीत जास्त २,८६० मिलीलिटर निघायला हवे. त्याहून वेगाने पाणी ओढले की हृदयाचा रक्तपुरवठा तेवढ्या वेळापुरता तुटपुंजा पडतो, भिंतीचे काही भाग नीट आकुंचन पावत नाहीत, आणि ही इजा आठवड्यातून दोनदा होत राहते. हा ट्रोपोनिन गोळीने उतरणार नाही. तो उतरवायचा मार्ग म्हणजे आठवड्यातून तिसरे डायलिसिस, नाहीतर निदान त्याच दोन खेपांत वेळ वाढवणे, आणि दोन खेपांमध्ये कमी पाणी साठू देणे.

तिसऱ्या खेपेचे नाव काढले की गावाकडे पहिला प्रश्न प्रवासाचा येतो, आणि तो खरा आहे. राजापूरहून रत्नागिरी म्हणजे अख्खा दिवस जातो, सोबत माणूस लागतो, पावसात गाडी वेळेवर मिळेल याची शाश्वती नाही. तरीही आधी जवळपास, तालुक्याच्या ठिकाणी कुठे डायलिसिसची सोय झाली आहे का ते पाहा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते. तिसऱ्या खेपेच्या मंजुरीसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भेटा आणि नेफ्रोलॉजिस्टांकडून (किडनीतज्ज्ञांकडून) तशी लेखी शिफारस घ्या. पॅकेजवर घातलेला पैसा यापुढे वडिलांच्या गाडीभाड्याला लागला तर त्यांच्या हृदयाला त्याचा जास्त उपयोग होईल, हे मी मनापासून सांगतो.

एनटी-प्रोबीएनपीचीही गत तीच. हृदयावर ताण आला की ते स्रवते आणि किडनीवाटे बाहेर पडते. किडनीच नाही म्हटल्यावर हजारांतले आकडे नेहमीचे, आणि रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ची मर्यादा वडिलांना लागूच नाही. ११,४०० हा आकडा मी दुसऱ्या कोणाशी ताडणार नाही, वडिलांच्याच पुढच्या आकड्याशी ताडीन. कोरडे वजन नीट ठरवून दोन-तीन महिने ते राखल्यावर हा आकडा उतरला, तर धाप पाण्याची होती. वजन उतरूनही आकडा चढत राहिला, तर हृदयाची ताकद घटते आहे असे समजून इको (हृदयाची सोनोग्राफी) पुन्हा करायचा. आणखी एक: ५५ हे कोरडे वजन कधी ठरवले होते? म्हाताऱ्या माणसाचे स्नायू आणि मांस झडत जाते, काट्यावर वजन तेच राहते, आणि झडलेल्या मांसाची जागा पाण्याने भरलेली असते. दोन वर्षांपूर्वीचे ५५ आज ५२ असू शकते. पाय सुजलेले नसले तरी.

यावरून अल्ब्युमिनकडे येतो. पॅकेजमधला हा बहुधा सगळ्यांत स्वस्त आकडा, आणि तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल एक शब्द नाही. डायलिसिसच्या रुग्णाचे पुढचे आयुष्य सांगणाऱ्या तपासण्यांत अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन पहिल्या ओळीत बसते. ४ च्या आसपास असावे, ३.५ च्या खाली गेले की आम्ही अस्वस्थ होतो. वडिलांचे ३.१. सोमवारच्या साठलेल्या पाण्याने ते थोडे पातळ दिसत असेल, तरी कमीच. आमच्या भागात याचे एक कारण मला पुन्हा पुन्हा भेटते. किडनी बिघडत असताना डॉक्टरांनी प्रथिने कमी करायला सांगितलेली असतात. डायलिसिस सुरू झाले की तो नियम उलटतो, कारण डायलिसिसमध्ये प्रथिने वाया जातात. आता वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे वडिलांना ५५ ते ६६ ग्रॅम. पण घरात जुनाच कागद फ्रिजला चिकटवलेला असतो आणि माणूस पेज, पातळ भाजी आणि लिंबाच्या फोडीवर दिवस काढत असतो. अंड्याचा पांढरा भाग, ताजी मासळी, कोंबडी रोज पोटात जायला हवी. शाकाहारी घर असेल तर आहारतज्ज्ञांकडून पनीर-डाळीचे माप ठरवून घ्या.

अल्ब्युमिन कमी असण्याचे दुसरे कारण सीआरपीमध्ये दडलेले असते. सीआरपी १६ म्हणजे शरीरात कुठेतरी दाह धुमसतो आहे. असा दाह रक्तवाहिन्या खराब करतो, भूक मारतो आणि यकृताला अल्ब्युमिन बनवू देत नाही. सीआरपी कमी करण्याचे औषध शोधत बसू नका, त्याचे मूळ शोधा. मानेत डायलिसिसची नळी असेल तर संशय आधी तिच्यावर. हातात फिस्टुला (डायलिसिससाठी जोडून घेतलेली रक्तवाहिनी) असेल तर पुढे दात आणि हिरड्या, मग पाय. पावसाळ्यात अनवाणी अंगणात वावरणाऱ्या मधुमेही माणसाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, संवेदना नसल्याने दुखत नाहीत, आणि त्यातून पायात जंतुसंसर्ग शिरतो. वडिलांचे मोजे काढून बोटे फाकवून टॉर्चच्या उजेडात पाहा. रक्ताच्या दहा तपासण्यांतून न कळलेले काही तिथे दिसून जाते. साधी सर्दी-तापही सीआरपी वाढवते, म्हणून महिन्याभराने ती पुन्हा करा.

फॉस्फरस ७.२ हा हृदयाचा आकडा आहे हे फार जणांना माहीत नसते. वाढलेला फॉस्फरस, कॅल्शियम आणि पीटीएच (मानेतल्या पॅराथायरॉईड ग्रंथींचे संप्रेरक) मिळून रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चुन्यासारखा थर बसवतात. वाहिन्या ताठ होतात आणि हृदयाला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. फॉस्फरस ५.५ च्या खाली, जमेल तितका नॉर्मलच्या जवळ हवा. मध्यंतरी एका आजोबांचा फॉस्फरस काही केल्या उतरेना. गोळी रोज तीनदा घेतो म्हणाले, आणि खरोखरच घेत होते. पिशवीतून डबा काढून दाखवला, सेवेलॅमरच्या गोळ्या बाकी सगळ्या गोळ्यांसोबत सकाळ-दुपार-रात्र अशा मांडलेल्या. घास कधी आणि गोळी कधी, असे विचारल्यावर उलगडा झाला. गोळ्या सात, दोन आणि दहा वाजता, आणि जेवण साडेबाराला आणि आठला. ही गोळी पोटातल्या अन्नातला फॉस्फरस धरून ठेवते. ताटात अन्न नसताना ती घेणे म्हणजे न घेण्यासारखेच. पहिल्या-दुसऱ्या घासाबरोबर घ्यायची, एवढाच बदल केला. पुढच्या दोन महिन्यांत आकडा पाचवर आला. वडिलांच्या गोळ्यांची वेळ आधी विचारा, डोस वाढवण्याचे नंतर बघू. खाण्यात काट्यासकट खाल्ला जाणारा सुका जवळा, सुकट, मोतयाळे टाळा. त्यात फॉस्फरसही आहे आणि मीठही.

मिठावरून पाण्याचा विषय सुटत नाही. तहान लागते ती मिठामुळे. खारवलेला बांगडा, लोणचे, पापड, आणि कोकणात हमखास विसरले जाणारे कोकमाचे आगळ, कारण तेही मिठातलेच. सोलकढी म्हणजे मीठ, पाणी आणि नारळ तिन्ही एका वाटीत. पेजही पाण्यातच मोजायची. दिवसाची लघवी जितकी होते त्यात अर्धा लिटर मिळवा, तेवढेच एकूण द्रव. शहाळे पूर्ण बंद. त्याच्या १०० मिलीलिटर पाण्यात साधारण २०० ते २५० मिलीग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे एक मोठे शहाळे दिवसाच्या मुभेतला तिसरा हिस्सा संपवते. करंबळ (स्टारफ्रूट) तर किडनीच्या रुग्णाने चाखायचीही नाही, तिच्यातले विष मेंदूवर जाते. आणि कोणी प्रेमाने ‘लो सोडियम’ मीठ आणून दिले असेल तर ते घरातून बाहेर काढा, कारण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते.

कोलेस्टेरॉलचे थोडक्यात. डायलिसिसच्या रुग्णात १२४ हे आनंदाचे लक्षण नाही. कुपोषण आणि दाह यांनीही कोलेस्टेरॉल घसरते, आणि इथे कमी कोलेस्टेरॉल असलेल्यांचे मृत्यू जास्त दिसतात. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांबद्दल २००५ चा ‘फोर-डी’ आणि २००९ चा ‘ऑरोरा’ असे दोन मोठे प्रयोग डायलिसिसच्या रुग्णांवर झाले. कोलेस्टेरॉल उतरले, पण हृदयाच्या घटना म्हणाव्या तशा कमी झाल्या नाहीत. म्हणून २०१३ पासूनची आंतरराष्ट्रीय शिफारस अशी की डायलिसिसवर आल्यावर स्टॅटिन नव्याने सुरू करू नये, आधीपासून चालू असेल तर चालू ठेवावे. वडिलांचे चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका. होमोसिस्टीनवर पुन्हा पैसे घालू नका. किडनी निकामी झाली की ते वाढतेच, आणि फॉलिक ॲसिड-बी जीवनसत्त्वांनी ते उतरवूनही हृदयाला फायदा झालेला नाही.

हिमोग्लोबिन ९.२ जरा कमी आहे, धापेत त्याचाही हात असणार. लोहाची तपासणी करून हिमोग्लोबिन वाढवणाऱ्या इंजेक्शनचा डोस ठरवून घ्या. १० ते ११.५ पुरे. १३ चे लक्ष्य ठेवून केलेल्या प्रयोगांत त्रासच जास्त झाला.

पुढच्या तपासण्या नेहमी एकाच लॅबमध्ये, आठवड्याच्या त्याच वारी, डायलिसिस सुरू होण्याआधी, मशीनच्याच सुईतून काढलेल्या रक्तावर करा. वडिलांच्या बाबतीत शुक्रवार बरा, कारण त्याआधीचा खंड लहान असतो. केस-नखांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा, त्यामुळे काही पद्धतींत ट्रोपोनिन खोटा कमी येतो आणि पीटीएचही बिघडतो. पोटॅशियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन दर महिन्याला. ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी तब्येत स्थिर असताना एकदा, मग सहा महिन्यांनी किंवा काही बिघडले तर. तो स्थिर असतानाचा आकडा फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. उद्या मध्यरात्री कुठल्याही रुग्णालयात जायची वेळ आली, तर ड्युटीवरच्या डॉक्टरांना त्याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

राहिली अँजिओग्राफी. खरा अटॅक असेल तर प्रश्नच नाही, लगेच न्यायचे. पण त्रास स्थिर असताना केवळ या आकड्यांवरून नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात किडनीचा गंभीर आजार आणि स्थिर हृदयविकार असलेले ७७७ रुग्ण होते, निम्म्याहून जास्त डायलिसिसवर. आधीच अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत आणि औषधांवर ठेवलेल्यांत मृत्यू किंवा अटॅक यात फरक पडला नाही, उलट पहिल्या गटात पक्षाघात जास्त झाले. ७२ व्या वर्षी मुंबईचा प्रवास, हुकणारी डायलिसिसची खेप आणि अनोळखी वॉर्ड यांचीही वडिलांना किंमत मोजावी लागते. त्यांना स्वतःला काय हवे आहे हे तुमच्या पत्रात नाही, ते शांतपणे बसून विचारा.

इको मात्र करून घ्या, रत्नागिरीतच, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी म्हणजे बुधवारी किंवा शनिवारी, अंगात पाणी कमी असताना. तो अहवाल, ताजा आणि जुना ईसीजी, आणि गेल्या सहा महिन्यांचे वजन-रक्तदाबाचे डायलिसिसचे तक्ते घेऊन हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. पॅकेजचा रिपोर्टही सोबत असू द्या, पण त्यावर तारखेशेजारी पेनाने लिहा: ‘सोमवार सकाळ, डायलिसिस शुक्रवारी झाले होते.’